मॉस, चिकणमाती आणि वाफसा: इंग्लंडमधल्या लॉनचं काय करायचं

फेब्रुवारीत स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचं लॉन एकदम हिरवंगार दिसायचं, भारतातून आलेले पाहुणे म्हणायचे वा, काय मेंटेन केलंय, आणि मी गप्प बसायचो कारण त्यातलं निम्म्याहून जास्त गवत नव्हतंच, मॉस होतं. पाय ठेवला की गादीसारखं दबायचं आणि बुटाच्या कडेने पाणी वर यायचं. लंडनच्या हॅरोला घर घेतलं तेव्हा बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस मी, कुंडीतली तुळस आणि कोरफड एवढाच अनुभव. पहिली तीन-चार वर्षं एकच खेळ चालला होता, मार्चमध्ये दुकानातून मॉस मारायचं पाकीट आणायचं, टाकायचं, काळं पडलं की ओरबाडून काढायचं, पाठ धरून बसायचं, आणि डिसेंबरात तेच मॉस परत, आधीपेक्षा जास्त.

मग एकदा मामाशी फोनवर बोलताना हे रडगाणं गायलं. मामाची बार्शीकडे शेती, काळी भारी जमीन. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, पण वाफसा आल्याशिवाय तू रानात शिरतोसच कशाला?" वाफसा म्हणजे जमीन ना चिखल ना ढेकूळ, काम करण्याइतकीच ओलसर. तेव्हा हसलो, पण नंतर लक्षात आलं की इथली सगळी मार्गदर्शकं तारखा सांगतात, सप्टेंबरात हे करा एप्रिलमध्ये ते करा, आणि मी तारीख बघून ओल्या चिकणमातीवर नाचत होतो. खाली जे लिहिलंय ते त्यानंतर जे शिकलो ते. लॉन लहान आहे, ६० चौरस मीटर, त्यामुळे आकडे त्या हिशोबाने, तुमच्या मापाने गुणून घ्या.

आधी हे मॉस का येतं ते बघू, कारण हे नाही कळलं तर पुढचं सगळं वाया

शाळेच्या जीवशास्त्रात ब्रायोफायटा, फ्युनारिया, "वनस्पतीसृष्टीचे उभयचर" असं काहीतरी पाठ केलेलं आठवतंय का? तेच हे. आपण घरी ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो, म्हणजे मोरीत पाय घसरतो ते, ते वेगळं, हे वेगळं. मॉसला खरी मुळं नसतात, नुसते धाग्यासारखे मूलाभ असतात जमिनीला धरून ठेवायला, पाणी ते पानांनीच पिऊन घेतं. म्हणजे जमिनीच्या आत काय चाललंय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. गवताला मात्र मुळं आहेत आणि मुळांना हवा लागते. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की एकदा ती दाबली गेली की आत हवेला जागाच राहत नाही, हिवाळाभर पाणी साचतं, मुळं गुदमरतात, गवत विरळ होतं. मग उन्हाळ्यात तीच माती विटेसारखी टणक होते आणि भेगा पडतात. जुलै २०२२ मध्ये लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान गेलं, तेव्हा आमच्या लॉनमधल्या भेगांमध्ये माझं अख्खं बोट जात होतं. गवत त्यात जळून गेलं, मॉस फक्त वाळून कुरकुरीत झालं आणि ऑक्टोबरच्या पावसात पुन्हा टवटवीत.

लोकांना वाटतं इथे पाऊस फार म्हणून मॉस. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला त्यापेक्षा जास्तच. फरक असा की पुण्याचा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि मग कडक ऊन, इथे तो बारा महिने थोडा थोडा, आणि डिसेंबरात दिवस आठ तासांचासुद्धा नसतो त्यामुळे जे पडतं ते वाळतच नाही. गवताची वाढ जमीन ५-६ अंशाच्या खाली गेली की जवळपास थांबते, मॉसला तेवढ्या थंडीचं काही वाटत नाही. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च मैदान त्याला मोकळं.

लंडनच्या बऱ्याच भागाखाली जी माती आहे तिला लंडन क्लेच म्हणतात, आणि तिचं फुगणं-आकसणं आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीच्या जातीचंच आहे, ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. मामाला फोटो पाठवला तर म्हणाला रंग सोडला तर आपलंच रान आहे.

पायरी पहिली: एक दिवस नुसती पाहणी

काहीही विकत आणायच्या आधी हे करा. लॉनच्या कडेला एक वीतभर माती काढा, जरा ओली करून हातात मळा आणि चकलीसारखी वळी करा, मग ती वळी वाकवून गोल जोडायचा प्रयत्न करा. न तुटता गोल झाला तर चिकणमाती, अभिनंदन. वळीच होत नसेल, भुरभुरत असेल तर तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे आणि भोकं पाडण्याचा खालचा अर्धा लेख तुम्हाला लागू नाही.

दुसरं, ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, एकदा जिरू द्या, परत भरा आणि बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर निचरा नाहीये. आमच्याकडे दीड दिवस होतं, पोराने त्यात कागदी होडी सोडली.

तिसरं ऊन. मार्चपासून पुढे एखाद्या रविवारी दर दोन तासांनी फोटो काढा, कुठल्या भागात किती तास ऊन येतं ते कळतं. चौथं, लोक चालतात कुठून. आमच्याकडे मागच्या दारापासून शेडपर्यंत एक पट्टा होता आणि पोरांच्या क्रिकेटची पिच, मॉस बरोब्बर त्या दोन ठिकाणी सगळ्यात दाट. दबलेली माती. पट्ट्यावर शेवटी फरशा बसवल्या पावलापावलावर, आणि क्रिकेट हिवाळ्यात बंद, यावरून घरात थोडं राजकारण झालं.

पाचवं पीएच. गार्डन सेंटरमध्ये स्वस्त किट मिळतं, करून टाका. आम्लता हे मॉसचं एक कारण असू शकतं पण प्रत्येक वेळी नसतं, आणि जो उठतो तो चुना टाका सांगतो. आमचा पीएच ६.५ च्या आसपास आला, चुन्याची काही गरज नव्हती. ५.५ च्या खाली असेल तरच विचार करा, तोसुद्धा हिवाळ्यात आणि हलक्या हाताने, चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या वर नाही, आणि आयर्न सल्फेटच्या जोडीने तर अजिबात नाही. मॉस कुठलं आहे ते पण जरा वाकून बघा. इंग्लंडच्या ओल्या लॉनमध्ये सर्रास दिसणारं एक मऊ, फिकट हिरवं, चांदणीसारख्या टोकांचं असतं, त्याचं नाव ऱ्हिटिडिअॅडेल्फस स्क्वारोसस, नाव उच्चारून होईपर्यंत ते अजून वाढलेलं असतं. पण छोट्या पाइनच्या झाडांसारखं ताठ उभं, गडद मॉस असेल तर ते बहुधा कोरड्या आम्ल जागेचं लक्षण, तिथे पीएच नक्की तपासा.

वाफसा कसा ओळखायचा

हे एकदा जमलं की बाकी सगळं सोपं. चार बोटं खोल माती काढून मुठीत दाबायची. पाणी सुटलं किंवा हाताला चिखल चिकटला तर घरात जाऊन चहा प्या. गोळाच होत नाही, ढेकूळ आहे, तर पाऊस यायची वाट बघा. गोळा होतो आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटतो, तो वाफसा. चिकणमातीत हा वाफसा फार थोडे दिवस टिकतो. आमच्याकडे ऑगस्टमध्ये जमीन दगड असते, सप्टेंबरातले एक-दोन पाऊस झाले की उघडते, आणि ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा चिखल व्हायला लागतो ते थेट मार्चपर्यंत. मध्ये मिळून दोन-तीन आठवडे. मी साधा हिशोब ठेवलाय, गणपतीच्या सुमारास रोज मुठीची टेस्ट सुरू करायची. दुसरी छोटी खिडकी पाडव्यानंतर एप्रिलमध्ये मिळते, पण ती हलक्या कामासाठी.

ओल्या चिकणमातीत फोर्क घातला तर काय होतं ते मी करून बघितलंय. भोकाच्या कडा कुंभाराच्या मडक्यासारख्या गुळगुळीत होतात, त्यात पाणी साठून राहतं आणि वर उभं राहून आपण ७५ किलोने जमीन अजून दाबतो. म्हणजे निचरा सुधारायला गेलो आणि शंभर छोटी मडकी पुरून आलो.

मारणं

आधी मारायचं, मग ओढायचं. जिवंत मॉस रेकने ओढलं तर त्याचे तुकडे सगळ्या लॉनभर पसरतात आणि तुकड्यातून ते परत वाढतं, पहिल्या वर्षी मी स्वतःच्या हाताने लागवड केली असं म्हणायला हरकत नाही.

मारायला आयर्न सल्फेट, म्हणजे फेरस सल्फेट. पाण्यात विरघळणारं घ्या किंवा रेतीत मिसळलेलं लॉन सँड मिळतं ते. ब्रिटनमध्ये मॉस मारण्यासाठी म्हणून विकलं जाणारं प्रॉडक्ट मंजूर असावं लागतं, तेच घ्या आणि पाकिटावर जे माप लिहिलंय ते पाळा, माझ्या पाकिटावर चौरस मीटरला ४ ग्रॅम होतं, म्हणजे ६० मीटरला २४० ग्रॅम. दहा लिटरच्या झारीत ४० ग्रॅम, अशा सहा झाऱ्या. लॉनचे दोरीने दहा-दहा मीटरचे भाग करून घ्या नाहीतर पहिल्या कोपऱ्यात दोन झाऱ्या ओतल्या जातात आणि तिथलं गवत पण काळं पडतं. जास्त टाकलं तर लवकर मरेल हा आपला देशी हिशोब इथे चालत नाही. वेळ म्हणाल तर ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, गवत वाढत असताना, जमीन ओलसर असताना. दुष्काळात नाही, जमीन गोठलेली असताना नाही, नवीन पेरलेल्या गवतावर पहिले सहा महिने नाही.

आणि एक कळकळीची विनंती, जुने बूट घाला आणि ते बूट बाहेर काढा. हे लोखंड आहे, ते जिथे सांडेल तिथे गंजतं. मी झारी फरशीवर ठेवली होती, खाली गळत होती ते कळलं नाही, तो गोल तपकिरी डाग अजून आहे, सगळे क्लीनर वापरून झाले, आता त्यावर कुंडी ठेवलीय. चपला घालून किचनमध्ये गेलो ते वेगळंच. मुलं आणि कुत्रा-मांजर वाळेपर्यंत आत ठेवा, हातमोजे घाला.

दोन-चार दिवसांत मॉस काळं पडायला लागतं, पूर्ण मरायला दहा-चौदा दिवस द्या. बॅक्टेरिया असलेली दाणेदार सेंद्रिय खतं पण मिळतात, त्यांनी मॉस काळं न होता हळूहळू कुजून जातं, ओढायचं काम कमी. महाग आहेत आणि जमीन गरम लागते, पण मुलं लहान असतील आणि घाई नसेल तर वाईट पर्याय नाही. फक्त दरवर्षी नुसतं आयर्न सल्फेटच मारत बसू नका, ते आम्लधर्मी आहे, वर्षानुवर्षं टाकलं तर माती आम्लच होत जाते आणि मॉसला तेच आवडतं.

ओरबाडणं

गवत आधी अडीच सेंटीमीटरपर्यंत कापा. मग तारांचा पंख्यासारखा रेक घेऊन ओढा, किंवा ३०-४० मीटरच्या वर लॉन असेल तर सरळ इलेक्ट्रिक स्कॅरिफायर, म्हणजे फिरत्या पात्यांनी ओरबाडणारं मशीन, भाड्याने आणा, शेजाऱ्यांबरोबर शेअर केलं तर स्वस्त पडतं. पाती आधी वरच ठेवा, जेमतेम मातीला लागतील अशी, एकदा फिरवा, मग थोडी खाली घेऊन तिरकं फिरवा. काटकोनात फिरवलं तर गवताचे पुंजके उपटून येतात. ६० मीटरमधून पहिल्या वर्षी चौदा पोती निघाली, खरंच चौदा, मोजली, मॉस आणि त्याखालचा जुना वाळलेला पेंढा. लॉन बघून बायको म्हणाली हे काय केलंस, आधीचंच बरं होतं. तेव्हा मला पण तसंच वाटलं होतं. तीन आठवडे ते युद्धभूमीसारखं दिसणार आहे, घरी पाहुणे बोलावू नका.

भोकं पाडणं, आणि वाळू, ज्यात मी सगळ्यात मोठी माती खाल्ली

चिकणमातीवर हेच खरं काम आहे, बाकीचं पार्लर. जमिनीत हवा जायला जागा करायची. साधा गार्डन फोर्क आहे तसा १०-१५ सेंटीमीटर खोल खुपसून जरा मागे-पुढे हलवायचा आणि काढायचा, हे दरवर्षी चालेल. पण दबलेल्या चिकणमातीला दोन-तीन वर्षांतून एकदा पोकळ दातांचा एरेटर लागतो, जो जमिनीतून बोटभर जाडीची मातीची कांडी बाहेर काढतो. साधा दात माती बाजूला सरकवतो, पोकळ दात माती काढून टाकतो, म्हणून आजूबाजूच्या मातीला पसरायला जागा मिळते. १०-१५ सेंटीमीटर अंतरावर एकेक. हाताने ६० मीटर करायला मला दोन शनिवार-रविवार लागले, नळ्या चिकणमातीने सारख्या भरतात, शेजारी पाण्याची बादली ठेवा, दर वीस-पंचवीस भोकांनी बुडवा आणि स्क्रूड्रायव्हरने साफ करा. पडलेल्या कांड्या झाडून गोळा करा, तिथेच तुडवल्या तर सगळं मुसळ केरात. मी त्या गुलाबाच्या वाफ्यात टाकतो, हिवाळ्यातल्या थंडीने फुटून जातात.

आता वाळू. पहिल्यांदा मी बिल्डरकडची मऊ पिवळी वाळू आणली, कारण स्वस्त होती, आणि भोकं न पाडताच वरून मस्त पसरली. पावसाने ती चिकणमातीत मिसळून वर असा काही थर बसला की आजीने अंगण सारवावं तसं झालं, पाणी आत जाणं तर सोडाच, वाहूनच जायला लागलं. बांधकामाची मऊ वाळू बारीक आणि गोल कणांची असते, शिवाय तिच्यात चुना किंवा मीठ असू शकतं. लागते ती शार्प सँड, धुतलेली, टोकदार कणांची. आणि थोडीशी वाळू चिकणमातीत मिसळून माती हलकी होते हा पण गैरसमज आहे, त्याला इतकी प्रचंड वाळू लागते की मग लॉन नाही समुद्रकिनारा होतो. वाळू भोकात भरायची, म्हणजे ती उघडी राहतात, बस.

मिश्रण मी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं वापरतो, ३ भाग वाळूमिश्रित पोयटा माती, ६ भाग शार्प सँड, १ भाग चाळलेलं कंपोस्ट किंवा पानांचं खत. चौरस मीटरला २-३ किलो. ६० मीटरला म्हणजे १८० किलोपर्यंत, वीस किलोच्या नऊ पिशव्या, गाडीची डिकी दोन फेऱ्यांत. कोरड्या दिवशी पसरायचं आणि कडक झाडूने भोकांत ढकलायचं, आपला खराटा इथे मिळाला असता तर याच्यासाठी आणला असता. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत, पुरलं तर गवत मरतं.

जिप्समबद्दल सारखं विचारलं जातं. आपल्याकडे चोपण जमिनीला, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीला, जिप्सम टाकतात आणि ते बरोबर आहे, कॅल्शियम सोडियमला हटवतं. इंग्लंडमधल्या बागेच्या मातीत सहसा ती भानगड नसते. एका कोपऱ्यात टाकून बघितलं, मला फरक दिसला नाही. कंपोस्टवर पैसे घाला. आणि गांडुळांना काही करू नका, त्यांच्या मातीच्या गोळ्या दिसायला वाईट दिसतात पण तुमच्यासाठी रात्रपाळी करून भोकं तीच पाडतायत, गोळ्या वाळल्या की झाडूने उडवून टाका.

बी, लगेच, त्याच आठवड्यात

मॉस काढलं की तिथे रिकामी माती असते आणि रिकाम्या मातीवर पहिल्यांदा कोण बसतं याचीच ही शर्यत आहे. मी पहिली चार वर्षं ही पायरीच गाळत होतो. चौरस मीटरला १५ ग्रॅम, म्हणजे आमच्यासाठी ९०० ग्रॅम, अर्धं उभ्या फेऱ्यांत, अर्धं आडव्या. पोरं खेळणार असतील तर बुटकं पेरेनिअल रायग्रास जातीचं गवत, सावलीत फेस्क्यू जातीचं जास्त, चिकणमातीवर उन्हाची जागा असेल तर टॉल फेस्क्यू चांगलं, मुळं खोल जातात आणि उन्हाळ्यात टिकतं. बी मातीला टेकलं पाहिजे, रेकच्या पाठीने हलकं दाबा, वर चिमूटभर चाळलेलं कंपोस्ट. रायग्रास सात ते दहा दिवसांत उगवतं, फेस्क्यू दोन-तीन आठवडे घेतं, तोवर वरचा थर वाळू द्यायचा नाही. कबुतरं येतात, जुन्या सीडी दोरीला बांधून बघितल्या, दोन दिवस घाबरली. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरू नका, जमीन थंड झाली की बी कुजतं.

कापणी आणि खत पटकन

लॉनचं वाटोळं जेवढं मशीनने होतं तेवढं कशानेच होत नाही. शेजारचे आजोबा बोलिंग ग्रीनसारखं बारीक कापतात आणि मॉसवरून बायकोशी भांडतात. चिकणमातीवर ३-४ सेंटीमीटर ठेवा, सावलीत ५, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. खत एप्रिलमध्ये नायट्रोजनवालं, सप्टेंबरात पोटॅशवालं आणि नायट्रोजन कमी. सप्टेंबरात स्प्रिंगचं उरलेलं खत टाकलं तर थंडीच्या तोंडावर लुसलुशीत वाढ होते आणि रोग पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडलेली पानं आठवड्याला उचला, खालचं गवत पिवळं पडलं की तिथे मॉस ठरलेलं.

सावली, झाडं आणि ड्रेनेज: इथे जरा थांबून विचार करा

फांद्या कमी केल्या की ऊन येतं आणि अर्धा प्रश्न सुटतो, पण झाडाला हात लावायच्या आधी कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) वेबसाइटवर बघा त्या झाडाला संरक्षण आहे का, किंवा तुमचा भाग कन्झर्वेशन एरियात येतो का, दंड भारी असतो. आणि चिकणमातीवर घराजवळचं मोठं झाड मुळापासून काढायचं असेल तर आधी सर्व्हेअरला विचारा. झाड जमिनीतलं पाणी ओढत असतं, ते गेलं की माती हळूहळू फुगते आणि पाया उचलला जातो. उलट बाजूने, १९७६ च्या दुष्काळात ही माती आकसली आणि दक्षिण इंग्लंडमध्ये घरं खचल्याचे विम्याचे दावे ढिगाने आले होते. लॉनमधल्या मॉसपेक्षा भिंतीतली भेग महाग पडते.

निचऱ्यासाठी चर खणून खडी आणि पाइप टाकतात, फ्रेंच ड्रेन. करायला हरकत नाही पण पाणी जाणार कुठे हे आधी ठरवा. चिकणमातीत शोषखड्डा केला तर तो शोषत नाही, नुसती पुरलेली टाकी होते. सांडपाण्याच्या पाइपला जोडता येत नाही. घराच्या पायाला लागून तर खणूच नका, शोषखड्डा करायचाच असेल तर तो घरापासून निदान ५ मीटर लांब. माझ्या मते भोकं आणि कंपोस्ट तीन वर्षं करून बघावं, तरी तळं साचत असेल तरच हा खर्च.

आणि जिथे दिवसाला तीन तास पण ऊन नाही तिथे हट्ट सोडा. आमच्या शेडच्या मागे उत्तरेला चार फुटांचा पट्टा आहे, तिथे दोनदा बी पेरलं, दोनदा गेलं. आता तिथे फर्न लावलेत आणि मॉस आहे तसं ठेवलंय. क्योटोला सैहोजी म्हणून देवळाची बाग आहे, अख्खी मॉसची, लोक आधी अर्ज करून बघायला जातात. आपल्याकडे फुकट आहे.

भारतातल्या लोकांसाठी दोन ओळी

पुणे-नाशिककडे काळ्या मातीवर लॉन असेल तर भोकं, शार्प वाळूच्या जागी धुतलेली जाड नदीची वाळू किंवा क्रश सँड, कंपोस्ट आणि उंच कापणी हे तसंच लागू आहे, पण वेळापत्रक उलटं. तिकडचं गवत, हरळीच्या जातीचं किंवा मेक्सिकन, उबेत वाढतं, त्यामुळे भोकं पाडायचं काम मेच्या अखेरीस वळवाचा एखादा पाऊस होऊन वाफसा आला की करा. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये लॉनवर पाय ठेवू नका. ओल्या सावलीत जे हिरवं दिसतं ते बऱ्याचदा ऑक्टोबर हीटमध्ये आपोआप जातं.

काढलेल्या मॉसचं काय करायचं हे सगळे विचारतात. औषध मारलेलं असेल तर पाकिटावर लिहिलेलं पाळा, बहुतेक ठिकाणी कौन्सिलच्या हिरव्या कचऱ्याच्या डब्यात जातं. कंपोस्टमध्ये मॉस फार हळू कुजतं, टाकायचंच तर थोडं थोडं, भाजीच्या कचऱ्यात मिसळून. न मारलेलं, हाताने काढलेलं असेल तर हँगिंग बास्केटला अस्तर म्हणून मस्त चालतं. आणि मार्चमध्ये थोडं कुंपणाजवळ ठेवून द्या, आमच्याकडची ब्लॅकबर्ड पक्ष्याची मादी ते चोचभर उचलून घरट्याला नेते, शेडच्या मागच्या पट्ट्यातलं तर ती मला न विचारता नेतेच.